दगडासारखा उभा राहिलो, मग सोसायटीच्या सभेत का रडलो?

ताई, नमस्कार.

माझं वय ५१. रबाळे एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटी खात्यात आहे, राहायला नेरुळला. चैत्रात वडील गेले. शेवटचे काही आठवडे हॉस्पिटलमध्ये होते. मेडिक्लेमची कागदपत्रं, स्मशानातली व्यवस्था, दहावं-तेरावं, बँकेतलं नॉमिनेशन, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, सगळं मी केलं. त्यांचा रेडिओ, चष्मा, घड्याळ खोक्यात भरून, वर लेबल लावून माळ्यावर ठेवलं. रडलो नाही. रडू आलंच नाही. मेहुणा सगळ्यांसमोर म्हणाला, 'दाजी अगदी दगडासारखे उभे राहिले.' कौतुक होतं की टोमणा, कळलं नाही.

मुलगी मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीत तिनं घरातल्या सगळ्यांना मोबाइलवर व्यक्तिमत्त्वाची चाचणी द्यायला लावली. माझं उत्तर आलं आयएसटीपी, म्हणजे स्वभावाच्या चार जोड्यांतून एकेक अक्षर. ती म्हणाली, 'बाबा, तुमच्यात थिंकिंग पहिलं आणि फीलिंग सगळ्यात शेवटी.' बायको म्हणाली, 'हे सांगायला चाचणी कशाला हवी?' सगळे हसले, मीही हसलो. आठवड्यानं गुपचूप तीच चाचणी परत दिली तर आयएसटीजे. पार्ट तोच, गेज तेच, रीडिंग वेगळं. आमच्याकडे असं गेज लगेच बाजूला काढतात. आणखी एका चाचणीत मी बारा आदिबंधांपैकी (म्हणजे मनातल्या मूळ साच्यांपैकी) 'शासक' निघालो.

हे विसरलोही असतो. पण गेल्या महिन्यात सोसायटीची सभा झाली. गेटवर कॅमेरे आणि ॲप बसवायचं, जुन्या वॉचमनला काढायचं, असा ठराव होता. हिशेबानं ठराव बरोबर आहे, आकडे मीच तपासून दिले होते. हात वर करायची वेळ आली आणि मी उठून ओरडायला लागलो. काय बोललो ते नीट आठवत नाही. आवाज फुटला आणि सगळ्यांदेखत रडलो. (वडील आणि हा वॉचमन रोज संध्याकाळी केबिनबाहेर खुर्च्या टाकून बसायचे.) सेक्रेटरीनं पाणी दिलं, ठराव पुढच्या सभेवर ढकलला. तेव्हापासून मी मागच्या गेटनं ये-जा करतो. पहाटे जाग येते, अधूनमधून छातीत आवळल्यासारखं होतं.

तीन गोष्टी विचारतो. त्या चाचणीला काही अर्थ आहे का? माझ्यात खरंच भावना नाहीत का? आणि नसतील, तर सभेत झालं ते काय होतं?

एक वाचक, नेरुळ

•

सप्रेम नमस्कार.

सगळ्यात आधी छातीचं. वय ५१ आणि छातीत आवळल्यासारखं होतंय, हे पत्रातून निस्तरायचं काम नाही. याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा, ईसीजी काढा, बीपी आणि शुगर बघून घ्या. त्यांनी 'काही नाही' म्हटल्याशिवाय त्याला दुःख, टेन्शन, ॲसिडिटी असं कुठलंही नाव देऊ नका. सभेत किंवा जिन्यात पुन्हा तसं झालं आणि थांबलं नाही, तर वाट न बघता हॉस्पिटल गाठा.

आता पत्र. वडिलांचं जाणं तुम्ही कागदपत्रांच्या यादीतून सांगितलंत आणि संध्याकाळच्या त्या दोन खुर्च्या कंसात टाकल्यात. मला वाटतं, सगळं पत्र त्या कंसासाठी लिहिलं गेलंय. त्याकडे येतेच. पण तुम्ही क्वालिटीतले. गेजचा निकाल लागल्याशिवाय माझं पुढचं काही ऐकून घेणार नाही, म्हणून आधी चाचणी.

कार्ल युंग या स्विस मनोविकारतज्ज्ञानं १९२१ साली माणसांच्या मानसिक प्रकारांवर एक जाडजूड ग्रंथ जर्मनमध्ये लिहिला. १९२३ मध्ये तो इंग्रजीत आला आणि अमेरिकेत कॅथरीन ब्रिग्ज नावाच्या बाईंनी तो झपाटल्यासारखा वाचला. त्यांची मुलगी इझाबेल ब्रिग्ज मायर्स हिनं दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यावरून प्रश्नावली तयार करायला घेतली. त्या वर्षांत बायका मोठ्या संख्येनं कारखान्यांत आणि कचेऱ्यांत शिरत होत्या. कोणाला कुठलं काम मानवेल हे कळावं, असा साधा हेतू. १९६२ मध्ये ती मायर्स-ब्रिग्ज या नावानं छापून आली. मायलेकींपैकी एकीनंही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. अंतर्मुख-बहिर्मुख ही जोडी आणि इंद्रियं-अंतर्ज्ञान, विचार-भावना या दोन जोड्या युंगच्या. तुमचं जे चौथं अक्षर बदललं, ते मात्र युंगच्या मांडणीत नव्हतं, या दोघींनी जोडलेलं. तुम्ही मोबाइलवर दिलीत ती बहुधा मूळ प्रश्नावलीही नसणार. तिच्यासारख्या दिसणाऱ्या फुकट चाचण्यांचा नुसता सुळसुळाट आहे.

तुमच्याच भाषेत सांगायचं तर हे गो–नो गो गेज आहे. भोकात गो बाजू गेली, नो-गो अडकली, पार्ट पास. किती मायक्रॉनचा फरक होता ते हे गेज सांगत नाही, आणि तुम्हीही त्याला विचारत नाही. माणसाच्या स्वभावाला मात्र रीडिंग देणारं साधन लागतं. पुष्कळ लोकांच्या अंतर्मुखतेचे गुण काढून मांडले, तर त्यांचे दोन वेगळे ढीग पडत नाहीत. बहुतेक जण मध्ये दाटीवाटीनं असतात, टोकांना थोडे. मध्ये रेघ मारून अलीकडच्याला एक अक्षर आणि पलीकडच्याला दुसरं वाटायचं ठरवलं, की रेघेजवळचा माणूस आज इथे, पुढच्या आठवड्यात तिथे. तुमच्या दोन रीडिंगांवरून एवढंच कळतं की चौथ्या अक्षराच्या बाबतीत तुम्ही रेघेजवळ आहात.

पण या एका अक्षरानं जो गोंधळ होतो तो तुमच्या मुलीला जरूर दाखवा. तिच्या अभ्यासातल्या नियमांनुसार आयएसटीपी माणसात विचार पहिला आणि भावना शेवटची. आयएसटीजे झालात की इंद्रियांनी टिपणं पहिलं, विचार दुसरा, आणि शेवटच्या जागेवर अंतर्ज्ञान. भावना तिसऱ्या नंबरवर सरकली! म्हणजे दिवाळीत ज्या वाक्यावर सगळे हसले, ते आठवड्याभरात त्याच चाचणीनं मागे घेतलं. तुम्ही गुपचूप परत दिलीत, म्हणून कोणाला कळलं नाही.

रॉबर्ट मक्रे आणि पॉल कोस्टा या संशोधकांनी १९८९ साली ही मूळ प्रश्नावली आजच्या संशोधनात वापरल्या जाणाऱ्या पाच घटकांच्या मापाशी ताडून पाहिली. वेगळे, सुटे 'प्रकार' त्यांना सापडले नाहीत. चार जोड्या पाचांपैकी चार घटकांशी जुळल्या, म्हणजे प्रश्नावली अगदीच पोकळ नाही. सुटलेला पाचवा घटक कोणता, तर मनाची अस्थिरता: चिंता, खचणं, चटकन भडकणं. वडील जाऊन वर्ष न झालेल्या माणसाबद्दल जे आधी विचारायला हवं, नेमकं तेच त्या चार अक्षरांत नाही.

मग वर्णन वाचताना 'अरे, हा तर मीच' असं का वाटतं? १९४८ साली बर्ट्रम फोरर या प्राध्यापकानं आपल्या विद्यार्थ्यांची एक चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'खास त्याचं' वर्णन दिलं. ते कितपत जुळतं, पाचांपैकी गुण द्या, म्हणाला. सरासरी ४.२६ आली. वर्णन सगळ्यांना एकच दिलं होतं, आणि त्यातली वाक्यं त्यानं नाक्यावर विकत मिळणाऱ्या भविष्याच्या पुस्तकातून उचलली होती. बाहेरून शिस्तीचे पण आतून काळजी करणारे, अशा अर्थाचं एक वाक्य त्यात होतं. मला सांगा, नेरुळ ते ऐरोली, हे कोणाला लागू पडणार नाही?

'शासक' तर सोडूनच द्या. बारा आदिबंधांची ती यादी युंगची नाहीच. कॅरल पिअरसन या अमेरिकन लेखिकेची आहे, आणि २००१ पासून जाहिरातवाले तिच्यावरून साबणाला आणि मोटारसायकलला 'व्यक्तिमत्त्व' देतात.

इतकं सगळं झोडपल्यावर तुम्हाला वाटेल, चला, गेज रद्द, विषय संपला. तसं नाही. प्रश्नावली बाजूला ठेवली तरी युंग उरतो, आणि तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला त्याच्याकडेच सापडतं.

तो या प्रकारांकडे वळला तेव्हा त्याच्यापुढे रुग्णांपेक्षाही गुरू आणि गुरुबंधू होते. फ्रॉइड आणि ॲडलर, दोघंही हुशार, दोघंही अनुभवी. पण एकाच माणसाचा त्रास पाहून फ्रॉइडला त्यात कामवासना दिसे, ॲडलरला सत्तेची ओढ. दोघांतला एक मूर्ख आहे, असं म्हणून मोकळं होता येत नव्हतं. युंगनं निष्कर्ष काढला की पाहणाऱ्याच्या मनाचाच एक कल असतो आणि त्याला तेवढंच दिसतं. सप्टेंबर १९१३ मध्ये म्युनिकच्या परिषदेत त्यानं या विषयावर भाषण केलं. त्यानंतर तो आणि फ्रॉइड पुन्हा कधी भेटले नाहीत. म्हणजे हा सगळा खटाटोप मुळात स्वतःचा चष्मा तपासायला होता. दुसऱ्याच्या कपाळावर चिठ्ठ्या डकवायला नव्हता. पुढे लोक त्या डकवू लागले तेव्हा त्यानं १९३४ साली एका परदेशी आवृत्तीच्या प्रस्तावनेत हा दिवाणखान्यातला पोरखेळ आहे, अशा शब्दांत त्यांना झटकलंही. तुमच्या दिवाळीतल्या दिवाणखान्याचं वर्णन त्यानं आधीच करून ठेवलं होतं म्हणा ना.

आता भावनेचं. युंगच्या मांडणीत चार कार्यं आहेत. इंद्रियं सांगतात, समोर काहीतरी आहे. विचार सांगतो, ते काय आहे. अंतर्ज्ञान सांगतं, ते कुठून आलं आणि कुठे जाईल. चौथं कार्य सांगतं, त्याची किंमत काय: हवं की नको, आपलं की परकं, जपायचं की सोडायचं. या चौथ्यालाच तो भावना म्हणतो. डोळ्यांत पाणी येणं, अंगाचा थरकाप होणं, संताप, हे त्याच्या हिशेबी वेगळं. आणि हे वाचून क्वालिटीतला माणूस सुखावेल: विचार आणि भावना या दोन्हींना त्यानं विवेकी कार्यांत बसवलंय, कारण दोन्ही निवाडा करतात. एक खरं-खोटं ठरवतो, दुसरी मोल ठरवते.

तर 'फीलिंग शेवटी' याचा अर्थ 'या माणसाला काही वाटत नाही' असा होत नाही. मोल ठरवायचं काम त्यानं आजवर कमी वेळा स्वतः केलंय, एवढाच होतो. असं कमी वापरलेलं कार्य मरत नाही, मागे राहतं. ते हळू चालतं, हट्टी असतं, बोलवलं तेव्हा येत नाही आणि आलं की आवरत नाही. युंगची सहकारी मारी-लुईझ फॉन फ्रान्झ हिनं विचारप्रधान, अंतर्मुख माणसाच्या भावनेला ज्वालामुखीच्या लाव्ह्याची उपमा दिली होती: सरकतो अगदी संथ, पण वाटेतलं काही शिल्लक ठेवत नाही. चैत्रात निघालेलं काही तुमच्या सोसायटीच्या सभेत पोचायला इतके महिने लागले, यात मला अजिबात विचित्र वाटत नाही.

त्या सभेत काय झालं ते पुन्हा बघा. आकडे तुम्हीच तपासले होते. कॅमेरे आणि ॲप स्वस्त, वॉचमन महाग. विचारानं आपलं काम चोख केलं. हात वर करायचा तेवढा बाकी होता. आणि हात वर जाईना. का? तुमच्या आत कोणीतरी निवाडा देऊन बसलं होतं की हा माणूस मोलाचा आहे. तो निवाडा हिशेबात कुठल्याच रकान्यात मांडलेला नव्हता, त्याला बोलायची सवय नव्हती, म्हणून तो ओरडत आला. त्या दिवशी तुमची भावना बिघडली होती असं मी म्हणणार नाही. तिनं बहुधा बऱ्याच वर्षांत पहिल्यांदा जाहीरपणे मत दिलं. मत द्यायची पद्धत वाईट होती, शेजाऱ्यांना घाबरवणारी होती. मत वाईट होतं असं मला वाटत नाही.

ते रडणं वॉचमनसाठी होतं की वडिलांसाठी, असा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण पहाटे जाग आल्यावर तो डोक्यात असणार. दोघांसाठी. आणि दोन्ही खरं. इथे कोणी शिकलेला माणूस तुम्हाला सांगेल की उंबरठ्यावर बसलेला वृद्ध हा आदिबंध आहे, सामूहिक नेणिवेतून, म्हणजे सगळ्या माणसांच्या मनातल्या समाईक, नकळत्या थरातून आला आहे. युंगनं ही संज्ञा १९१९ पासून वापरली. आदिबंध म्हणजे साचा. त्यात कुठली प्रतिमा ओतायची ते ज्याचा त्याचा समाज आणि ज्याचं त्याचं आयुष्य ठरवतं. आपल्याकडे याचं उत्तम उदाहरण शोधायला लांब जायला नको. कमरेवर हात ठेवून उभा असलेला पुरुष देव, आणि त्याला आपण म्हणतो विठूमाऊली. आईचा साचा इतका दांडगा की देवाचं पुरुषपण त्याला आड येत नाही. आणि त्याच्यापुढे मिशीवाले, पागोटेवाले, शेतात राबणारे बाप्ये ढसाढसा रडतात, तेव्हा त्यांना कोणी पाणी आणून देत नाही की घाबरत नाही. मराठी पुरुषाला रडायला एक हक्काची जागा आपल्या संतांनी करून ठेवली होती. रबाळे ते नेरुळच्या रोजच्या रस्त्यात ती जागा लागत नाही, एवढंच.

पण आदिबंधाची भाषा मी जपून वापरते. माणसं तिच्यात शिरून स्वतःची गोष्ट टाळतात, हे मी ठाण्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत फार बघते. 'माझ्यातली महामाता जागी झाली' म्हणणाऱ्या बाईंना सुनेशी भांडण कशावरून झालं ते सांगायचं नसतं. तुमचा वॉचमन आधी तुमच्या वडिलांचा मित्र आहे. आदिबंध असलाच तर मागाहून.

'दगड' या शब्दाचं काय करायचं? युंग समाजासाठी घातलेल्या मुखवट्याबद्दल लिहितो, आणि तो मुखवटा खोटा असतो असं त्याचं म्हणणं नाही. हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवर कोणीतरी कोरड्या डोळ्यांनी उभं राहायलाच हवं होतं, आणि तुम्ही राहिलात म्हणून घरातल्या बाकीच्यांना रडता आलं. मेहुण्यांना हे कळलं असेल किंवा नसेल. तेरावं झाल्यावर तो मुखवटा उतरवायचा राहून गेला. घरच्यांनीही त्याला तुमचा चेहरा धरला आणि चाचणीनं त्यावर शिक्का मारला.

यावर उपाय म्हणून कोणी सांगेल, बसा आणि भावना व्यक्त करा. तुमच्यासारख्याला हे सांगणं म्हणजे छळ. दुबळ्या बाजूवर सरळ चाल करून फारसं काही हाती लागत नाही. शेजारच्या वाटेनं जावं लागतं. तुमच्याकडे ती वाट हातांची आहे. युंगचंच बघा. १९२३ च्या सुरुवातीला त्याची आई गेली आणि त्याच वर्षी त्यानं बोलिंगेनला तळ्याकाठी दगडाचा मनोरा बांधायला घेतला. १९५५ मध्ये बायको एमा गेली तेव्हा तो ऐंशीचा होता. तोल सावरायला दगड घडवण्याच्या कामाचा आधार झाला, असं त्यानं आठवणींत सांगितलंय. मनाचा एवढा मोठा वैद्य, आणि छिन्नी-हातोडा घेऊन बसला.

तुम्ही माळ्यावरचं खोकं खाली काढा. रेडिओ जेवणाच्या टेबलावर ठेवा, मागचं झाकण उघडा, सेल बदला, धूळ पुसा, चालत नसेल तर का चालत नाही ते शोधा. घड्याळाला चावी लागत असेल तर द्या. हे रविवारी दुपारी, घरात सगळे असताना करायचं. काही 'व्हायला हवं' अशी अपेक्षा ठेवू नका आणि कोणी विचारलं तर 'दुरुस्त करतोय' म्हणा, ते खोटं नाही. रडू आलं तर येऊ दे, नाही आलं तर रेडिओ तरी सुरू होईल.

मुलगी जवळ येऊन बसेल असा माझा अंदाज आहे. तिच्यावर रागावू नका. आजोबांशिवायची ती पहिली दिवाळी होती. घरात कोणी त्यांचं नाव काढत नव्हतं, तेव्हा या मुलीनं सगळ्यांना गोल बसवलं आणि प्रत्येकाला तू कसा आहेस म्हणून विचारलं. तिला दुसरं साधन ठाऊक नव्हतं. कॉलेजात जे नुकतं हाती आलं ते तिनं वापरलं. आयएसटीजे आलेला निकाल तिला दाखवा, रेघेची आणि रीडिंगची भानगड तुमच्या पद्धतीनं समजावून सांगा. परीक्षेला उपयोगी पडेल. मग तिला विचारा, आजोबा तुझ्याशी काय बोलायचे. तुम्ही दिवसभर कारखान्यात असायचात, तिला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असणार.

बायकोला पहाटेचं सांगितलंय का? पत्रावरून वाटतं, नाही. ती हसली म्हणून तुम्हाला लागलं, हेही सांगितलेलं नसणार. दोन्ही एकाच वेळी सांगू नका, आधी पहाटेचं सांगा. डॉक्टरांनी छाती ठीक आहे म्हटल्यावरही झोप अशीच मोडत राहिली, जेवण उतरेनासं झालं, कामात चुका व्हायला लागल्या, किंवा जगण्यात राम नाही असं वाटलं, तर मनाच्या डॉक्टरांना दाखवा. ठाण्यात आयपीएचसारखी (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) संस्था १९९० पासून हेच काम करतेय आणि नेरुळहून ठाण्याला थेट लोकल आहे. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या नंबरवर फुकट आहे, मराठीतही बोलतात.

उरला गेट. उद्यापासून पुढच्या गेटनं जा. मागच्या गेटनं गेलात की वॉचमनला वाटतं, साहेब माझ्यामुळे अडचणीत आले आणि आता तोंड चुकवतात. हेही लक्षात घ्या की त्याचा रोजचा सोबती गेला आणि त्याच्याकडे समाचाराला कोणी गेलं नाही. तो नातलग नाही, त्याला सुतक नाही, त्यानं कोणाजवळ बोलायचं? एखाद्या संध्याकाळी त्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसा. ठरावाबद्दल काहीही बोलू नका, आश्वासन तर मुळीच देऊ नका, तो निर्णय तुमच्या एकट्याच्या हातात नाही. वडील काय गप्पा मारायचे, एवढंच विचारा. वर्षश्राद्ध चैत्रात येईल. त्याला जेवायला बोलवायचं का, हे बायकोशी बोलून ठरवा.

आणि सभेआधी सेक्रेटरींना भेटा. 'आवाज चढवला ते चुकलं, मुद्दा मागे घेत नाही,' एवढ्या दोन वाक्यांत आटपा. मग तुमच्या आवडीचं काम करा, तक्ता करा. मात्र आकडे भरायच्या आधी वर दोन ओळी लिहा: हा माणूस मला इथे का हवा आहे. कोणाला पटवायला नाही, तुमच्यासाठी. त्या ओळी लिहायला वेळ लागेल, खोडाखोड होईल, होऊ दे. त्यानंतर रात्रपाळी ॲपवर आणि दिवसा वॉचमन ठेवला तर महिन्याला किती फरक पडतो ते काढा, दर फ्लॅटमागे किती रुपये येतात ते काढा. आणि सभेनं तरीही त्याला काढायचंच ठरवलं, तर इतक्या वर्षांच्या नोकरीचे किती महिन्यांचे पैसे त्याच्या हातात पडले पाहिजेत, तो आकडाही काढून खिशात ठेवा. तो विषय सभेत दुसरं कोणी काढेल असं मला वाटत नाही.